विद्यापीठातली कार्यालयीन नोकरी : काम आवडतं, पण आतून रिकामं व्हायला झालंय

निळीशाई

नमस्कार. हे लिहावं की नाही, यावर बराच विचार केला. मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात काम करते. शिकवत नाही. परीक्षा अर्ज, हजेरीपट, गुणांच्या याद्या, निकाल, पुनर्मूल्यांकन, पदवी प्रमाणपत्रं हे सगळं ज्या टेबलांवरून पुढे सरकतं, त्यातलं एक टेबल माझं.

विभागातली काही अनुभवी माणसं निवृत्त झाली आणि त्यांच्या जागा भरल्याच गेल्या नाहीत. त्यांचं काम 'तात्पुरता अतिरिक्त कार्यभार' म्हणून माझ्याकडे आलं आणि कायमचं राहिलं. मग नवं पोर्टल आलं. त्यानं काम हलकं होईल असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्षात कागदाची फाईल चालूच राहिली आणि पोर्टलवरची नोंदही करावी लागते. एकच काम दोनदा.

पण माझी तक्रार मुळात कामाच्या ढिगाबद्दल नाही. निकाल वेळेवर लागला की तो आपोआप लागला असं सगळे धरून चालतात. एखाद्या विषयाचे गुण चुकीच्या रकान्यात गेले की पहिला फोन आमच्याकडे येतो आणि फोनवरचा सूरही ठरलेला असतो. परीक्षेचे नियम बदलायचे असले की समिती बसते. त्या समितीत आमच्यापैकी कुणी नसतं. नियम ठरल्यावर परिपत्रक येतं आणि त्यावर 'तात्काळ अंमलबजावणी करावी' असं लिहिलेलं असतं. तो नियम चालणार नाही हे आम्हाला वाचता वाचताच कळतं, पण विचारतं कोण?

अलीकडे वेगळंच काही तरी होतंय. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळपासून छातीवर दडपण येतं. रात्री झोप लागते, पण पहाटे फार लवकर जाग येते आणि डोक्यात कामांची यादी सुरू होते. सगळ्यात जास्त त्रास एका गोष्टीचा होतो : खिडकीशी विद्यार्थी आला की त्याचं ऐकून घेण्याआधीच मला चीड आलेली असते. अडलेल्या मुलाचं काम करून दिल्यावर जे समाधान वाटायचं त्यासाठी मी या नोकरीत टिकले. आता ते वाटत नाही.

हा नुसता थकवा आहे की बर्नआउट म्हणतात तो हाच? सुट्टी घेतली तर बरं वाटेल का? नोकरी सोडणं सध्या शक्य नाही, तेव्हा कृपया तो सल्ला नको.

सांजवेळ

एकेक शब्द माझाच वाटला. मी ग्रंथालयात आहे. आमच्याकडे 'तात्पुरतं' या शब्दाला अंतच नसतो. मला वाटतं, तुम्ही आधी सलग मोठी रजा घ्या. शिल्लक असेलच ना? मेल बघू नका, फोन उचलू नका. बाकीचं नंतर बघता येईल.

उंबरठा

नोकरीतल्या ताणाबद्दल समुपदेशन हे माझं रोजचं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बर्नआउट ही संज्ञा वापरात आणणाऱ्यांमध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ आघाडीवर होते. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात ते स्वतः काम करत. मन लावून काम करणारे सहकारी काही काळानंतर कोरडे पडतात, चिडतात, हट्टी होतात, हे त्यांनी तिथे पाहिलं, स्वतःवरही अनुभवलं आणि 1974 मध्ये त्यावर लेख लिहिला. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी 1981 मध्ये ते मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. ती अजूनही वापरात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 2019 मध्ये मंजूर झाली आणि 2022 पासून लागू झाली. तिच्यात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. नोकरीतल्या ज्या दीर्घकाळच्या ताणाचं नीट व्यवस्थापन झालं नाही त्याचा परिणाम, अशी ती नोंद आहे आणि ती नोकरीपुरतीच लागू होते. तिची तीन अंगं आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनानं दूर जाणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपण काही उपयोगाचं करू शकतो यावरचा विश्वास उडणं.

आता तुमचंच लिहिलेलं पुन्हा वाचा. पहाटेची जाग आणि दडपण हे पहिलं अंग. विद्यार्थी बोलण्याआधीच येणारी चीड हे दुसरं. काम झाल्यावरही समाधान न वाटणं हे तिसऱ्याच्या जवळ जाणारं. नुसता थकवा असता तर फक्त पहिलं दिसलं असतं. दुसऱ्याची सुरुवात झाली आहे हे तुमच्या स्वतःच्या लक्षात आलं, ही मोठी गोष्ट आहे. बऱ्याच जणांना ते घरच्यांकडून कळतं.

एक मात्र आग्रहानं सांगतो. पहाटे लवकर जाग येणं आणि छातीवर दडपण ही लक्षणं नैराश्याचीही असू शकतात, शरीरातल्या दुसऱ्या एखाद्या बिघाडाचीही असू शकतात. बर्नआउटचं नाव दिलं की हे तपासायचं राहून जातं. डॉक्टरांकडे जा. कामाशी संबंध नसलेल्या गोष्टींतही रस उरला नसेल, किंवा जगणं नको असं मनात येत असेल, तर त्याच दिवशी जा, वाट पाहू नका.

रेघोटी

सांजवेळ यांच्या सल्ल्याला विरोध नाही, रजा घ्यायलाच हवी. पण तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते आधी ठरवलेलं बरं. मीना वेस्टमन आणि डोव्ह एडन यांनी 1997 मध्ये कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर, म्हणजे आपल्यासारख्याच टेबलावरच्या लोकांवर, एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. रजेआधी, रजेत आणि परत आल्यावर त्यांचा ताण मोजला. रजेत तो स्पष्ट उतरला. कामावर परतल्यावर तीन आठवड्यांच्या आत तो पहिल्या जागी आला होता.

ज्या जागेवर माणूस दमला त्याच जागेवर, त्याच कामाच्या वाटणीत तो परत जातो. मग दुसरं काय होणार? रजेनं शक्ती येते. त्या शक्तीचा उपयोग जागा बदलण्यासाठी, निदान थोडी हलवण्यासाठी करता आला तर रजेचा लाभ टिकतो.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. रेघोटी, तुम्ही म्हणता तेच होतं. मी रजेवर असले की माझं टेबल कुणीच पाहत नाही. कामं साचतात आणि परतल्यावर पहिले काही दिवस दुप्पट राबावं लागतं. त्यामुळे रजा मागायचीच भीती वाटते.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

पाणवठा

मी विद्यापीठाच्या प्रशासनातून निवृत्त झालो. आस्थापना, परीक्षा, वित्त, सगळीकडे काम केलं. कदर होत नाही हे दुःख प्रत्येक कार्यालयात असतं. विद्यापीठात ते अधिक खोल का जातं, त्याबद्दल लिहितो.

विद्यापीठात प्रतिष्ठेचं चलन एकच आहे : ज्ञान. पेपर, पुस्तकं, पीएचडीचे विद्यार्थी, परिषदा. त्यात गैर काही नाही, संस्था त्यासाठीच आहे. पण त्यामुळे जे काम त्या चलनात मोजता येत नाही ते हिशेबातूनच गळतं. शिक्षकाची बढती त्याच्या स्वतःच्या कामगिरीवर पुष्कळशी अवलंबून असते, म्हणजे तो जे करतो ते त्याच्या नावावर जमा होतं. कार्यालयीन माणसाची बढती वरची जागा रिकामी होण्यावर, सेवाज्येष्ठतेवर आणि कुणीतरी भरलेल्या गोपनीय अहवालावर ठरते. त्यानं एखादी अख्खी पद्धत सुधारली तरी त्याच्या नावावर काहीच जमा होत नाही. शिवाय आपलं काम उत्तम झालं की ते दिसेनासं होतं. ज्या दिवशी निकाल, पगार, वसतिगृहाचं वाटप, सगळं सुरळीत पार पडतं, त्या दिवशी आपण तिथे होतो याची कुठेही नोंद राहत नाही.

योहानेस सीग्रिस्ट या जर्मनीतल्या समाजशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये एक मांडणी केली. माणूस कामात जे ओततो आणि बदल्यात जे मिळतं, यांचा तोल दीर्घकाळ बिघडलेला राहिला तर तो शरीरावर उतरतो, अगदी हृदयविकारापर्यंत. त्यांनी मोबदल्यात तीन गोष्टी धरल्या : पैसा, मान, आणि बढती व नोकरीची शाश्वती. मी हे वाचलं तेव्हा कितीतरी सहकारी डोळ्यांसमोर आले. पगार वेळेवर होता, पण मान नव्हता आणि पुढची पायरी दिसत नव्हती. पगार मिळतोय ना, मग रडता कशाला, असं ज्यांना सुनावलं जातं त्यांनी ही मांडणी लक्षात ठेवावी. याच मांडणीत आणखी एक गोष्ट येते : स्वतःहून गरजेपेक्षा जास्त जबाबदारी अंगावर घेणारे, कामातून मन काढता न येणारे लोक या असमतोलानं लवकर खचतात. निळीशाई, तुमच्या लिहिण्यातून तुम्ही त्यांच्यापैकी आहात असं दिसतं.

काठावर

मी शिक्षक आहे. शिक्षकही थकलेले आहेत, पण तो वेगळा विषय आहे आणि या धाग्यात तो आणू नये असं वाटतं.

आतली बाजू सांगतो. नियम ठरवणाऱ्या समित्यांवर मी बसलो आहे. तिथे चर्चा गुणवत्तेवर होते, निकषांवर होते, इतर विद्यापीठं काय करतात यावर होते. 'यासाठी परीक्षा विभागाला किती मनुष्यतास लागतील' हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसतो, कारण तो मांडणारा माणूस खोलीत नसतो. समजा, 'प्रत्येक विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेची प्रत मागण्याचा हक्क' असा ठराव झाला. ठराव चांगलाच आहे. आता अर्ज कोण घेणार, गठ्ठ्यातून उत्तरपत्रिका कोण शोधणार, स्कॅन कोण करणार, किती दिवसांत करणार? हे सगळं 'प्रशासन बघून घेईल' या तीन शब्दांत गुंडाळलं जातं. कुणाच्या मनात वाईट हेतू नसतो. तरी ओझं वाढायचं ते वाढतंच.

म्हणून माझी सूचना : समितीत जागा मिळेपर्यंत थांबू नका. प्रत्येक नव्या नियमाचा मसुदा विभागाकडे अभिप्रायासाठी यावा आणि सोबत अंदाजे मनुष्यतास लिहिलेले असावेत, एवढी एक पद्धत मागा. कुलसचिवांच्या कार्यालयातून असं एक परिपत्रक निघालं तरी खूप होईल. सभागृहात हा आकडा समोर आला की शिक्षक थांबतात, विचार करतात. मी ते होताना पाहिलं आहे.

शेवाळ

सगळं पटतंय. पण मी कंत्राटी आहे. मला पगारी रजा नाही, गोपनीय अहवालही नाही. वर्षाच्या शेवटी नूतनीकरण होईल का एवढंच बघायचं असतं. कायम कर्मचाऱ्यांचं उरलेलं काम आमच्याकडे येतं आणि अभिप्राय वगैरे द्यायचा म्हटलं तर पुढचं कंत्राट डोळ्यांसमोर दिसतं. तुमच्या उपायांत माझ्यासारख्यांचाही विचार करा एवढीच विनंती.

उंबरठा

शेवाळ, हे लिहिलंत ते बरं केलंत. रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये दाखवलं होतं की कामाची मागणी जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मोकळीक कमी, ही जोडी सर्वांत घातक. तुमच्याकडे मोकळीक जवळपास नाहीच, त्यामुळे 'बोला, मागा' हा सल्ला तुम्हाला तसाच्या तसा लागू होत नाही. तुमच्यासाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. तुम्ही केलेल्या कामाची नोंद स्वतःजवळ ठेवा. पुढच्या नोकरीसाठी ती तुमची मिळकत आहे. आणि मागणी एकट्यानं करू नका. संघटनेत कंत्राटींना जागा असेल तर तिथून करा, नसेल तर कायम सहकाऱ्यांनी ती आपल्या नावानं लावून धरावी. हे इथल्या कायम नोकरीवाल्या सगळ्यांना उद्देशून लिहितोय.

पानगळ

अजून एक बाजू. आमच्या कार्यालयात इतिवृत्त लिहिणं, निरोप समारंभ, नव्या माणसाला शिकवणं, पाहुण्यांची सोय बघणं, रडत आलेल्या विद्यार्थिनीला शांत करणं ही कामं कुणाकडे जातात? बहुतेक वेळा बायकांकडे. लिंडा बॅबकॉक, लिस व्हेस्टरलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये यावर संशोधन प्रसिद्ध केलं. ज्या कामांतून बढती मिळत नाही ती कामं स्त्रिया जास्त वेळा पुढे होऊन स्वीकारतात, आणि मुळात त्यांनाच ती जास्त वेळा सांगितली जातात. विचारलं की होही त्याच जास्त वेळा म्हणतात.

आमच्याकडे आम्ही एवढंच केलं की अशा कामांचा तक्ता भिंतीवर लावला आणि पाळी ठरवली. इतिवृत्त या महिन्यात अमुक लिहिणार, पुढच्या महिन्यात तमुक. पहिल्या महिन्यात पुरुष सहकाऱ्यांनी कुरकुर केली, नंतर थांबली. निळीशाई, तुमच्या यादीत अशी किती कामं आहेत ती एकदा वेगळी काढून बघा. ती सहसा दिसत नाहीत, कारण त्यांना फाईल क्रमांक नसतो.

रेघोटी

पानगळ यांच्या मुद्द्याला जोडून खिडकीच्या कामाबद्दल लिहायचं आहे. खिडकीवर बसणं हे अर्ज घेण्यापेक्षा फार मोठं काम आहे. आतून कितीही वैतागलेलो असलो तरी चेहरा शांत, आवाज खाली. आर्ली हॉखशिल्ड यांनी 1983 मध्ये हवाई सुंदरींच्या कामावरून ही गोष्ट पुढे आणली : पगाराच्या बदल्यात माणूस आपल्या भावनाही कामाला लावतो आणि त्याचाही शीण होतो. विद्यार्थी आमच्याकडे येतो तो बहुधा घाबरलेला असतो, त्याचं वर्ष पणाला लागलेलं असतं. तो ओरडला तर त्यामागचं कारण कळतं, पण असे लागोपाठ अनेकजण झाले की कारण कळूनही अंगावर काटा येतो.

यावर उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. दिवसभर एकाच माणसाला खिडकीवर बसवायचं नाही. सकाळी एक, दुपारी दुसरा. खिडकी बंद झाल्यावर फाईलींसाठी राखलेला वेळ मोडायचा नाही, कितीही ओळखीचा माणूस आला तरी. आणि विद्यार्थ्याला 'उद्या या' म्हणण्याऐवजी अर्ज कुठे पोचला हे पोर्टलवर दिसू द्यायचं. निम्मी गर्दी 'माझं काय झालं' हे विचारणाऱ्यांचीच असते.

सांजवेळ

हे सगळं करायला वरचे ऐकले तर ना! आमच्या साहेबांना 'जमणार नाही' म्हटलं की गोपनीय अहवालात 'सहकार्याची वृत्ती नाही' असं येतं. नाही म्हणायला शिका, असा सल्ला ठिकठिकाणी वाचते. तो देणाऱ्यांनी सरकारी पद्धतीच्या कार्यालयात काम केलेलं नसावं.

पाणवठा

सांजवेळ, अगदी खरं. आपल्या चौकटीत तोंडी 'नाही' चालत नाही आणि ते म्हणायची गरजही नाही. आपल्याकडे त्याहून भक्कम साधन आहे ते म्हणजे टिपणी. कार्यालय लेखी कागदाला घाबरतं आणि त्याचा मानही ठेवतं. तक्रारीचा सूर ठेवायचा नाही, निर्णय मागायचा. मी माझ्या हाताखालच्यांना शिकवायचो तो मसुदा असा :

'सादर. सध्या माझ्याकडे पुढील कामे आहेत (यादी जोडली आहे, प्रत्येक कामापुढे आठवड्याला लागणारा अंदाजे वेळ व अंतिम मुदत दिली आहे). सदर नवीन काम दिलेल्या मुदतीत पूर्ण करावयाचे झाल्यास यादीतील अनुक्रमांक ४ व ७ लांबणीवर पडतील. कोणत्या कामास प्राधान्य द्यावे याबाबत आदेश व्हावेत.'

इतकंच. यात नकार नाही, सहकार्याची वृत्ती भरपूर आहे आणि जबाबदारी जिथली तिथे जाते. उद्या अनुक्रमांक ४ लांबलं तर ते कुणाच्या आदेशानं लांबलं हे फाईलवर असतं. वरिष्ठ बऱ्याचदा शेरा मारत नाहीत, तोंडी 'दोन्ही करा' म्हणतात. मग त्याच दिवशी मेल पाठवायचा : 'आज झालेल्या चर्चेनुसार दोन्ही कामे सुरू ठेवत आहे, मात्र वर नमूद केल्याप्रमाणे विलंबाची शक्यता आहे.' भाषा शांत ठेवा. एकदा केलं की कटुता येते असं वाटेल. सातत्यानं केलं की ती कार्यालयाची पद्धत बनते.

आणि 'अतिरिक्त कार्यभार' लेखी आदेशानं आला आहे का ते तपासा. आदेशावर मुदत असेल तर ती संपल्यावर 'मुदतवाढीचे आदेश व्हावेत किंवा कार्यभार काढून घ्यावा' अशी टिपणी टाका. आदेशच नसेल तर तो मागा. पुष्कळ ठिकाणी अतिरिक्त कार्यभाराला भत्त्याची तरतूद असते आणि माणसं ती कधी मागतच नाहीत.

दूरचा_किनारा

मी विद्यापीठातली नोकरी सोडली. निळीशाई, तुम्ही तो सल्ला नको म्हणालात म्हणून सोडण्याबद्दल लिहीत नाही, त्याआधी जे केलं त्याबद्दल लिहिते. मी आधी विभाग बदलून घेतला होता, परीक्षा विभागातून संशोधन कक्षात. तिथे शिक्षकांसोबत प्रकल्पांचे प्रस्ताव, अनुदानाचा हिशेब, अहवाल हे काम होतं. सीलिया व्हिटचर्च यांनी 2008 मध्ये अशा जागांबद्दल लिहिलं आहे. शैक्षणिक आणि प्रशासकीय यांच्या मधलं एक तिसरं क्षेत्र विद्यापीठांत वाढतंय आणि तिथली माणसं दोन्हीकडची भाषा बोलतात. प्रस्तावावर माझं नाव यायचं, शिक्षक मला विचारून निर्णय घ्यायचे. काम कमी नव्हतं, तरी वर्षभरात माझी झोप परतली.

मी नंतर सोडली त्याचं कारण घरचं होतं. तेव्हा बदली मागण्याचा पर्याय असेल तर तो नक्की चाचपून बघा. फक्त प्रवेश किंवा परीक्षांच्या हंगामात मागू नका, कुणी सोडणार नाही.

काठावर

रात्री मेल बघण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. जर्मनीतल्या साबिने सोनेनटॅग यांनी यावर वर्षानुवर्षं संशोधन केलं आहे. कामाच्या वेळेनंतर मन कामातून पूर्ण बाहेर येणं हे पुन्हा उभं राहण्यासाठी फार महत्त्वाचं असतं. घरी बसून मनात फाईल चालू असेल तर ती विश्रांती ठरत नाही. आणि जास्त तास बसणाऱ्यांसाठी : जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या 2021 च्या अहवालानुसार आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्के अधिक असतो. तुलना आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांशी आहे. विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री आलेल्या सूचनेला रात्रीच 'ओके सर' लिहिणं बंद करा. सकाळी कार्यालयात बसल्यावर लिहा. आणि आम्ही शिक्षकांनीही रात्री सूचना पाठवणं बंद करायला हवं. माझ्या विभागात मी ते सुरू केलं आहे.

निळीशाई

सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. जे घडलं ते सांगते.

डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या केल्या, त्यात मोठं काही निघालं नाही. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांच्याकडे जाणं सुरू आहे, झोप थोडी सुधारली आहे. घरी अजून सगळं सांगितलेलं नाही. सांगेन.

पाणवठा काका (काका म्हटलं तर चालेल ना?), तुमच्या मसुद्यावरून टिपणी टाकली. यादी करायला बसले तेव्हा ती संपेना. पानगळ म्हणाल्या तशी फाईल क्रमांक नसलेली कामं वेगळी काढली, ती जवळपास पाव यादी निघाली. अतिरिक्त कार्यभाराच्या आदेशाची मुदत केव्हाच संपली होती, हे मला आत्ता कळलं. साहेब आधी नाराज झाले. मग यादी घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी पदवी प्रमाणपत्रांच्या दुरुस्तीचं काम दुसऱ्या टेबलाकडे दिलं. बाकीचं 'बघू' वर आहे. खिडकीची पाळी मात्र सुरू झाली, कारण त्याला कुणाची मंजुरी लागत नव्हती. शेवाळ, आमच्या कंत्राटी सहकाऱ्यांची नावं आणि कामं मी त्याच यादीत जोडली, माझ्या सहीनं.

चीड कमी झाली आहे असं अजून म्हणवत नाही. पण परवा एका मुलाचं अडलेलं स्थलांतर प्रमाणपत्र काढून दिलं, आणि तो गेल्यावर बरं वाटलं. बऱ्याच काळानं.

आता एक प्रश्न. नियमांच्या मसुद्यावर विभागाचा अभिप्राय घ्यावा, ही सूचना काठावर यांच्यामुळे मी मांडली आणि परीक्षा मंडळाच्या पुढच्या बैठकीत मला थोडा वेळ बोलायला बोलावलं आहे. अशा बैठकीत मी कधीच बोललेले नाही. काय मांडू?

पाणवठा

काका चालेल, आवडेल.

बैठकीत व्यथा मांडू नका, ती खरी असली तरी. तिथे तिचं काय करायचं हे कुणाला सुचत नाही, सहानुभूती व्यक्त होते आणि पुढचा विषय घेतात. अलीकडचा एक नियम निवडा, जो राबवताना निकाल लांबला किंवा विद्यार्थ्यांना त्रास झाला. परिपत्रक कधी निघालं, किती अर्ज आले, किती माणसं होती, किती दिवस लागले, एवढं एका पानावर मांडा. त्याच पानाखाली मागणी एकच लिहा : मसुदा मंडळासमोर येण्यापूर्वी विभागाचा लेखी अभिप्राय जोडलेला असावा. दुसरी मागणी जोडलीत तर पहिली लांबणीवर जाईल.

पानाच्या प्रती सदस्यांच्या संख्येपेक्षा जास्त न्या.

काठावर

आणि मंडळावरच्या एका शिक्षकाशी आधी बोलून ठेवा, म्हणजे तुमचं झाल्यावर 'याला माझं अनुमोदन आहे' म्हणणारा कुणी तरी असेल. अनुमोदनाशिवाय चांगल्या सूचनेचीही नुसती 'नोंद घेण्यात आली' होते. इतिवृत्ताचा मसुदा फिरवला जाईल तेव्हा तुमच्या मुद्द्यापुढे 'ठराव' लिहिलं आहे की 'नोंद', ते लगेच बघा, आणि शब्द बदललेला असेल तर मंजुरीआधी लेखी कळवा.